तिसरीत नऊ लेकरं आणि राष्ट्रीय चाचणी: निकाल नेमका कोणाचा लागतो?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातली दोनशिक्षकी शाळा, तुम्ही नवीन शिक्षण सेवक, तिसरी-चौथी तुमच्याकडं, तिसरीचा पट नऊ. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मीटिंगमध्ये सांगितलं गेलं की राष्ट्रीय सर्वेक्षणात, म्हणजे लेकरांना किती येतं हे बघणाऱ्या देशभराच्या चाचणीत, आपली शाळा लागू शकते, रोज एक तास ओएमआरचा (उत्तराचा गोळा रंगवायच्या कागदाचा) सराव घ्या. तुम्ही विचारलंय की अशा परीक्षेतून लेकराला किती येतं हे खरंच कळतं का, आणि वर्गाचा निकाल कमी लागला तर ते माझ्यावर येईल का.

मी २६ वर्षं जि.प. शाळांवर काढली, त्यातली बरीचशी दिग्रसकडच्या एका तांड्यावर, आणि शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे अशा गटावर देखरेख करणारी, होते. म्हणजे तुमच्या खुर्चीत पण बसले आणि तुम्हाला सराव घ्या म्हणणाऱ्यांच्या खुर्चीत पण.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे म्हणून आधी तेच. तुमच्या वर्गाचा निकाल येतच नाही. शाळेचा पण येत नाही. हे नमुना सर्वेक्षण आहे, अहवाल निघतो देशाचा, राज्याचा आणि जिल्ह्याचा. कोणत्या लेकराला किती मिळाले हे तुम्हाला कधीच कळणार नाही, त्याच्या मायबापाला नाही आणि तुमच्या साहेबांना पण नाही. शिष्यवृत्ती किंवा नवोदयसारखी इथं यादी लागत नाही. त्यामुळं तुमच्या नऊ जणांमुळं तुम्हाला नोटीस येईल ही भीती काढून टाका. मग एवढा दबाव काऊन, असं तुम्ही म्हणाल. तर हेच आकडे पुढं राज्यांच्या शैक्षणिक कामगिरीच्या श्रेणीत, ज्याला सगळे पीजीआय म्हणतात, त्यात जातात. वरून ते दडपण राज्याकडून जिल्ह्यावर, जिल्ह्याकडून तालुक्यावर असं उतरत उतरत शेवटी तिसरीच्या पोरापर्यंत येतं, ज्याला यातलं काहीच माहीत नसतं. तुमचे साहेब किती समजूतदार आहेत यावर तुमचा त्रास कमी-जास्त होईल, ते मी इथून नाही सांगू शकत.

आता खरा प्रश्न. माझ्या मते तुमच्या मनात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. जिल्ह्यातल्या लेकरांना साधारण किती येतं, हा एक. माझ्या वर्गातल्या या पोरीला वजाबाकी काऊन येत नाही, हा दुसरा. राष्ट्रीय चाचणी पहिल्यासाठी बनलेली आहे, आणि त्या कामाला ती बऱ्यापैकी चांगली आहे. दुसऱ्यासाठी तिचा काडीचा उपयोग नाही, आणि तो तिचा दोष पण नाही. कापसाचा ट्रक धर्मकाट्यावर घालून त्यातल्या एका बोंडाचं वजन विचारल्यासारखं आहे ते.

थोडा हिशोब करू, मला हिशोबाशिवाय पटत नाही. ४ डिसेंबर २०२४ ला जे पारख राष्ट्रीय सर्वेक्षण झालं ते ७८१ जिल्ह्यांत, ७४,२२९ शाळांमध्ये, साधारण २१ लाख विद्यार्थ्यांचं. भागाकार करून बघा, जिल्ह्यामागं सरासरी ९५ शाळा येतात, त्या पण तिसरी, सहावी आणि नववी तिन्ही धरून. आपल्या यवतमाळमध्ये तालुके १६. म्हणजे सरासरी धरली तर तालुक्याला सहा शाळा, आणि त्यातल्या तिसरीच्या किती तर दोन-तीन. आता कोणी तुम्हाला म्हणालं की सर्वेक्षणात आपला तालुका मागं आहे, केंद्र मागं आहे, तर त्यांना विचारावंसं वाटतं की साहेब हे कुठून काढलं. (विचारू नका. शिक्षण सेवक आहात. मनात हसा.)

आणि तुमच्या नऊचं बघा. नवापैकी एक लेकरू म्हणजे ११ टक्के. एका पोराला त्या दिवशी ताप असला की तुमचा वर्ग ८९ वरून ७८ वर. मोठ्या शाळेत एका तुकडीतली जास्तीत जास्त ३० मुलं घेतात, आपल्याकडं पटच तेवढा नसतो म्हणून सगळी बसतात. इतक्या लहान आकड्यावरून चांगला वर्ग-वाईट वर्ग ठरवणं म्हणजे एका सरीवरून मान्सूनचा अंदाज बांधणं.

दुसरी गोष्ट पर्यायांची. प्रश्नाला चार पर्याय असले की काहीच न येणाऱ्याचं पण चारातलं एक उत्तर बरोबर येतं. २०२४ ला देशात सहावीच्या गणिताची बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के होती. ऐकायला वाटतं अर्ध्या लेकरांना तरी येतं बावा. पण एक प्रश्न घ्या ज्याला १०० पैकी ४६ जणांनी बरोबर खूण केली, आणि समजा ज्यांना येत नाही ते डोळे मिटून खूण करतात. मग खरं येणारी २८, उरली ७२, त्यातली चौथाई म्हणजे १८ नशिबानं बरोबर, २८ अधिक १८ झाले ४६. अर्थात सगळेच काही डोळे मिटून करत नाहीत, कोणी एखादा पर्याय खोडून विचार करतं, कोणी बाजूच्याचं बघतं, त्यामुळं २८ हा आकडा धरून बसू नका. मुद्दा एवढाच की टक्केवारी वाचताना तळाचे २५ टक्के हवेत आहेत हे डोक्यात ठेवायचं. त्याच वर्षी तिसरीची भाषा ६४ आणि गणित ६० होतं, ते पण याच चष्म्यातून बघा.

आणि मागच्या सर्वेक्षणाशी तुलना करून कोणी आपण घसरलो म्हणालं तर जरा थांबा. २०१७ ला निकाल टक्क्यांत दिला होता, २०२१ ला ५०० च्या मोजपट्टीवर, २०२४ ला परत टक्क्यांत. आधी तिसरी-पाचवी-आठवी-दहावी होती, आता तिसरी-सहावी-नववी. २०२१ चं तर बोलायलाच नको. सर्वेक्षण झालं १२ नोव्हेंबरला आणि आपल्याकडं खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबरला! त्या वर्षीची तिसरीची लेकरं शेवटची वर्गात बसली होती ती मार्च २०२० ला, पहिलीत असताना. मधले दीड वर्ष कोणाकडं मोबाईल होता तर रेंज नव्हती, रेंज होती तर बाप मोबाईल घेऊन वावरात. त्या निकालावरून गुरुजींची परीक्षा करणाऱ्यांना माझा दंडवत.

आता आपल्या भागाची एक गोष्ट जी अहवालात कुठंच दिसत नाही. तारखा बघा: १३ नोव्हेंबर २०१७, १२ नोव्हेंबर २०२१, ४ डिसेंबर २०२४. दिल्लीत कॅलेंडर बघून ठरवलेल्या तारखा. आपल्याकडं तेव्हा काय असतं? सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कापसाचा पहिला वेचा सुरू झालेला असतो, कुठं दुसरा. तिकडं भंडारा-गोंदियाला धान कापणी-बांधणी. घरातली सगळी माणसं वावरात, मोठी पोरगी लहान भावाला सांभाळायला घरी, तिसरीतली उंच पोरं आईसोबत वेचायला. माझ्या तांड्यावर तर दिवाळीनंतर काही घरांना कुलपं लागायची ती उन्हाळ्यातच उघडायची, ऊसतोडीला जायचे. सर्वेक्षण त्या दिवशी वर्गात जे हजर आहेत त्यांचं होतं. आणि गैरहजर कोण असतं? ज्याचं आधीच मागं राहिलंय तेच. म्हणजे आकडा थोडा वर जातो आणि कोणी मुद्दाम काही केलेलं नसतं.

इथं प्रथम संस्थेचं असर सर्वेक्षण वेगळं पडतं. ते शाळेत नाही, घरी जातं. जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं, आणि घरातल्या लेकराला समोर बसवून एकेकट्याला वाचायला लावतात, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पर्याय नाहीत, नशीब नाही, वाचता येतं की नाही एवढंच. शाळेत न गेलेलं लेकरू पण त्यात सापडतं आणि कॉन्व्हेंटच्या पिवळ्या गाडीत जाणारं पण. दोन्हीचे आकडे जुळत नाहीत म्हणून दरवेळी भांडणं होतात, पण बावा जुळतील कसे, एकजण वर्गात पर्याय देऊन विचारतो आणि एकजण ओट्यावर बसून. असर पण तुमच्या शाळेबद्दल काहीच सांगत नाही, हे पण लक्षात असू द्या.

भाषेचं सांगते, ही माझीच फजिती आहे. २०१७ ला मी केंद्रप्रमुख होते आणि तुमच्या केंद्रावर आज जे चाललंय तेच मी केलं. सराव पुस्तिका आणली, प्रश्न उतरवले, झेरॉक्स मारून दहा शाळांत वाटले. त्यात एक गणित होतं, कोथिंबिरीच्या एका जुडीला ५ रुपये तर ४ जुड्यांना किती. एका शाळेत अर्ध्याहून जास्त तिसरीचा प्रश्न चुकला. मला वाटलं पाचचा पाढा कच्चा आहे, गुरुजींना बोलले पण. मग एक पोट्टा उठून म्हणाला, मॅडम कोथिंबीर म्हणजे काय? मी म्हटलं, अरे सांबार रे! सांबार म्हटल्याबरोबर सगळ्यांचं बरोबर, आणि वरून एकजण म्हणाला आमच्याकडं दहाला तीन जुड्या भेटते. मी विदर्भातलीच बाई, घरी आयुष्यभर सांबार म्हणत आले, आणि मला ते कागदावर दिसलं नाही. हे मराठीच्या आत झालं. मेळघाटातल्या कोरकू लेकराचं, भामरागडच्या माडिया लेकराचं, तांड्यावरच्या गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्याचं काय होत असेल ते बघा. राष्ट्रीय चाचणी २२ भाषांत निघाली होती २०२१ ला, पण तिसरीतल्या कोरकू लेकरासाठी मराठी हीच परकी. त्याचं गणित चुकलं की वाचन, हे त्या एका खुणेवरून कळत नाही.

तर इथवरचं एका दमात: ही चाचणी जिल्ह्याचं सांगते, तुमच्या वर्गाचं नाही. पर्यायांमुळं आकडा फुगतो, हजेरीमुळं सरकतो, भाषेमुळं झाकला जातो. तरी ती फालतू आहे असं मी म्हणत नाही. २०१७ च्या निकालाआधी आमच्या मीटिंगमध्ये फक्त अभ्यासक्रम कुठवर आला हे विचारायचे. लेकराला काय येतं, कोणती अध्ययन निष्पत्ती (त्या इयत्तेत जे यायला हवं ते) कच्ची आहे, ही भाषाच नव्हती. जिल्ह्याच्या अहवालात निष्पत्तीनुसार टक्के असतात, ते पान मात्र काढून वाचा. २०२४ ला देशातल्या तिसरीच्या ५५ टक्केच लेकरांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमानं लावता आल्या. असा आकडा वाचला की मी माझ्या वर्गाकडं वळायचे, आमच्यात हे किती जणांना येतं बघू बरं. अहवालाचा एवढाच वापर करा, प्रश्न कोणता विचारायचा हे त्यातून घ्या. उत्तर वर्गातच मिळणार.

आता ओएमआरचा रोजचा तास. आधी हसून घ्या, २०२१ ला तिसरीची लेकरं चाचणी पुस्तिकेतच खूण करत होती आणि ओएमआर बाहेरून आलेला क्षेत्रीय अन्वेषक भरत होता, बहुतेक डीएड-बीएडचा विद्यार्थी. म्हणजे लहान बोटांनी गोळे रंगवायचा सराव कोणासाठी? पण चार पर्यायांचा प्रश्न कधीच पाहिला नसेल तर लेकरू गोंधळतं हे खरं आहे, दोन-दोन उत्तरांना खूण करतं किंवा पहिलं दिसलं ते. त्यासाठी आठवड्यातून एकदा, असे दोन आठवडे पुरे. मीटिंगमध्ये सराव चालू आहे म्हणा, खोटं नाही ते. उरलेल्या तासांचं काय करायचं ते सांगते, यावर मला जास्त बोलायचं आहे.

नऊ लेकरं आहेत हे तुमचं नशीब समजा. चाळीसच्या वर्गाला जे जमत नाही ते तुम्हाला दोन दिवसांत जमतं. चौथीला लिहायला काहीतरी द्या, आणि तिसरीचं एकेक लेकरू व्हरांड्यात घेऊन बसा. सहा-सात मिनिटं. चार ओळींचा उतारा वाचायला द्या, पाठ्यपुस्तकातला नको, तो पाठ असतो. वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि काय झालं त्यात ते सांग म्हणा, त्याच्या बोलीत सांगू द्या. धडधड वाचणारी पण एक शब्द न सांगणारी लेकरं तुम्हाला इथंच सापडतील, आमच्या तांड्यावर दर वर्गात दोन-तीन असायची आणि तोपर्यंत आम्ही त्यांना हुशार समजायचो. मग एक वजाबाकी, कागदावर. मग एक तोंडी गणित, तुम्ही वाचून दाखवायचं, त्यानं नुसतं सांगायचं.

वजाबाकीला मी कायम एकच द्यायचे, ४०२ वजा १७८. मध्ये शून्य आहे म्हणून. उत्तर २२४ आलं तर पुढं चला. ३७६ आलं तर लेकरानं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय, वर काय आहे खाली काय आहे ते बघितलंच नाही. ३३४ आलं तर हातचा घेता येतो पण ज्याच्याकडून घेतला त्याचा कमी करायचं राहिलं. ५८० आलं तर बेरीज केली, चिन्ह पाहिलं नाही किंवा घाई. चुकलेल्या तिघांनाही चाचणीत तर सारखीच चूक अशी खूण मिळाली असती. पण ३७६ वाल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतात, ३३४ वाल्याला दहा मिनिटांत दुरुस्त करता येतं, आणि ५८० वाल्याला काही शिकवायची गरजच नाही. चांगली चाचणी बनवणारे चुकीचे पर्याय असेच ठरवतात, म्हणून राष्ट्रीय चाचणीचे नमुना प्रश्न मिळाले तर बरोबर उत्तर सोडून बाकीचे तीन पर्याय वाचा, लेकरू कुठं चुकू शकतं याचा नकाशाच असतो तो.

एक पोरगी आठवते. कागदावर ३७६ लिहायची, दरवेळी. मी विचारलं असं काऊन केलं, तर म्हणाली दोनातून आठ जात नाही ना मॅडम, मग आठातून दोन. बरोबरच होतं तिचं, तिच्या हिशोबानं. ती आईसोबत रविवारी वेचायला जायची. तिला विचारलं, आईनं २३ किलो वेचला, १० रुपये किलो, किती झाले? २३०, लगेच. त्यातले दुकानात ८५ दिले? बोटं मोजून म्हणाली १४५. २३० वजा ८५ हे हातच्याचंच गणित आहे. कागदावर हेच दिलं असतं तर २५५ आलं असतं तिचं, मी पैज लावते. मग आम्ही महिनाभर सगळ्या वजाबाक्या वेचणीच्या आणि दुकानाच्या भाषेत केल्या, शंभर-दहा-एकच्या खोट्या नोटा कापून, आणि नंतर हळूच कागदावर आणल्या. सगळ्यांना हे चालेल असं नाही, ज्याला संख्याज्ञानच नाही त्याला नोटा देऊन उपयोग नाही.

नोंद ठेवायला फार काही नको, शंभर पानी वही पुरते. लेकराचं नाव, तारीख, कुठवर वाचलं, वजाबाकीचं उत्तर जसंच्या तसं, आणि तुमच्या मते अडचण काय. बरोबर-चूक अशी खूण करू नका, उत्तरच लिहा. दीड महिन्यानं परत. ती वही जेव्हा कोणी साहेब भेटीला येईल तेव्हा समोर ठेवा. मी केंद्रप्रमुख असताना अशी वही दाखवणाऱ्या गुरुजींना सराव चाचणीचे गुण विचारायची माझी हिंमत झाली नाही. सगळेच तसे नसतात हे मान्य, पण बघा ठेवून.

शाळा खरंच लागली तर दोन गोष्टी. चौथीचं हुशार पोरगं तिसरीत बसवणं, कच्च्याला उद्या येऊ नको म्हणणं, हे प्रकार मी पाहिलेत, कुठं ते सांगत नाही. तुम्ही नका करू, आणि कोणी सांगितलं तर आपण नवीन आहोत समजलं नाही असं दाखवा. उलट आदल्या संध्याकाळी वस्तीवर चक्कर मारा आणि जे वेचायला जाणार आहे त्याच्या मायला सांगा उद्याचा दिवस पाठवा. शिक्षकाची प्रश्नावली असते, त्यात दोन वर्ग एकत्र शिकवता, लेकरं घरी कोणती भाषा बोलतात, जे खरं आहे ते भरा, लाजू नका, आकड्यामागचं कारण कळायचं ते तिथूनच कळतं.

आणि दुसरी, खिचडी. तिसरीचा पेपर दीड तासाचा, पण सूचना, नावं, कोड भरण्यात तास निघून जातो. २०१७ ला एका शाळेत मी उभी होते, शिजवणाऱ्या ताईंनी नेहमीच्या वेळेला फोडणी दिली आणि वास सरळ वर्गात. मागच्या बाकावरच्या दोघींनी शेवटच्या सात-आठ प्रश्नांना न वाचताच सगळीकडं दुसऱ्या पर्यायाला खुणा केल्या आणि ताटल्या घेऊन पळाल्या. तेवढं ताईंना आदल्या दिवशी सांगून ठेवा.